सयाजीराव गायकवाड : लोकवर्गणी, अनुदान आणि ग्रंथालय

महाराष्ट्रातील जुनी सार्वजनिक वाचनालये बहुतांशी सरकारने काढलेली नाहीत. गावातील काही जाणत्या गृहस्थांनी एकत्र यावे, वर्गणी जमवावी, एखाद्या धनिकाकडून जागा वा देणगी मिळवावी, विश्वस्त नेमावेत आणि पदरमोड करून संस्था चालती ठेवावी, अशा रीतीने ती उभी राहिली. पुण्यात १८४८ साली लोकहितवादींनी पुढाकार घेतलेले ग्रंथालय, ठाण्यात १८९३ साली वि. ल. भावे यांच्या प्रयत्नाने निघालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईत १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही याची ठळक उदाहरणे होत. सोलापुरातील हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या नावातही हीच परंपरा सूचित होते. 'जैन बोधक' या नियतकालिकाचे संस्थापक आणि उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील असलेल्या एका सुधारणावादी व्यापाऱ्याचे ते नाव आहे. शासकीय अनुदान या संस्थांकडे आले ते मागाहून.

लोकांची वर्गणी आधी आणि सरकारचे अनुदान नंतर, हा क्रम ब्रिटिश मुलखात परिस्थितीने पडला होता. त्याला जाणीवपूर्वक राज्यधोरणाचे रूप मात्र एका मराठी संस्थानिकाने दिले. बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांची शिक्षणप्रसारक, समाजसुधारक आणि ग्रंथकारांचे आश्रयदाते म्हणून ख्याती आहे. त्यांच्या ग्रंथालयविषयक कार्याचा उल्लेखही सर्वत्र होतो. परंतु तो बहुधा मध्यवर्ती ग्रंथालयाच्या वैभवापाशी थांबतो. त्या कार्याचे मर्म राजधानीतील संग्रहात नसून खेड्यातील वर्गणीच्या नियमात होते. त्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिल्यास ते मर्म अधिक स्पष्ट होते.

१. उशिरा मिळालेली अक्षरे

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील. शेतीवर निर्वाह करणारे. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले आणि पूर्वीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती दिली. त्या वर्षीच्या मे महिन्यात बारा वर्षांचा गोपाळ दत्तक गेला आणि सयाजीराव या नावाने गादीवर आला.

राजवाड्यात येईपर्यंत या मुलाचे शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. त्यामुळे मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास त्याला एकदमच आरंभावा लागला. एफ. ए. एच. इलियट हे त्याचे शिक्षक, तर दिवाण सर टी. माधवराव हे राज्याचे कारभारी. माधवरावांनी राज्यकारभाराची तत्त्वे व्याख्यानांच्या रूपाने त्याला समजावून दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. सहा-सात वर्षांच्या अवधीत एका निरक्षरप्राय ग्रामीण मुलाचे सुमारे वीस लाख वस्तीच्या राज्याच्या शासकात रूपांतर झाले होते.

या स्थित्यंतराचा ठसा त्यांच्या पुढील धोरणावर उमटलेला दिसतो. ज्याला अक्षर जन्मतःच वारशाने मिळते, त्याला त्याची किंमत सहसा कळत नाही. सयाजीरावांना ते बाराव्या वर्षी, परिश्रमाने आणि केवळ योगायोगाने मिळाले होते. दत्तकविधानासाठी त्यांच्याऐवजी दुसऱ्या मुलाची निवड झाली असती, तर ते कवळाण्याच्या शेतातच राहिले असते. असा योगायोग सर्वांच्या वाट्याला येत नाही. म्हणून शिक्षणाची व्यवस्था योगायोगावर सोडता येत नाही, या निष्कर्षावर त्यांची कृती उभी आहे. पुढे वाचन हा त्यांचा नित्यक्रम झाला आणि लक्ष्मीविलास राजवाड्यात त्यांचा खासगी ग्रंथसंग्रह वाढत गेला.

२. शाळेची सक्ती, ग्रंथालयाची स्वेच्छा

१८९३ साली सयाजीरावांनी अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १९०६ साली हे सक्तीचे आणि मोफत शिक्षण सर्व राज्याला लागू झाले. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, त्या वेळी बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक फेटाळले गेले. बडोद्यातील शाळा मात्र चालू राहिल्या.

शाळा वाढल्या तशी एक नवी अडचण पुढे आली. चार-पाच इयत्ता शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तक पडत नसे. घरी छापील कागद नाही, गावात वर्तमानपत्र नाही, पुस्तक विकत घेण्याची ऐपत नाही. अशा स्थितीत काही वर्षांत तो पुन्हा निरक्षर होई आणि शाळेवर केलेला खर्च वाया जाई. ग्रंथालय ही म्हणूनच शाळेनंतरची सुखसोय नव्हती. शाळेचे फळ टिकवण्याची ती अट होती.

येथे सयाजीरावांच्या धोरणातील एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. ज्या राजाने शाळेसाठी दंडाचा कायदा केला, त्याने ग्रंथालयासाठी तसा कायदा केला नाही. हुकूम काढून गावोगाव ग्रंथालये उघडणे त्यांच्या अधिकारात होते. तरीही त्यांनी ग्रंथालय हवे की नको, हे गावावर सोपवले आणि हवे असल्यास त्याचा काही भार गावाने उचलावा, अशी अट घातली. मुलाला वर्गात बसवण्याचे काम कायदा करू शकतो, पण प्रौढ माणसाला पुस्तक उघडायला तो लावू शकत नाही. जे आपण पैसे घालून उभे केले, त्याकडे माणूस आपलेपणाने पाहतो, ही साधी व्यवहारनीती या अटीमागे होती.

३. मोतीभाई अमीन यांची मित्रमंडळे

हे धोरण केवळ राजाच्या चिंतनातून आलेले नव्हते. त्याला आधार होता तो चरोतर भागातील एका शिक्षकाच्या कामाचा. मोतीभाई नरसिंहभाई अमीन (१८७३–१९३९) हे पेटलाद येथे शिक्षक असताना त्यांनी मित्रमंडळ या नावाने वाचकांचे छोटे गट संघटित केले. वर्तमानपत्रे व मासिके एकेकट्याने घेणे परवडत नाही, म्हणून चार मित्रांनी वर्गणी करावी, अंक एका जागी ठेवावेत आणि ते गावाला वाचायला द्यावेत, अशी ही रचना होती. जागा शाळेची किंवा एखाद्याच्या घराची, व्यवस्थापक बिनपगारी आणि भांडवल अगदी अल्प. सुमारे १९०६ पासून हे गट गावागावांत पसरू लागले.

मोतीभाईंच्या कामातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक म्हणजे खेड्यात वाचनाची भूक आहे. दुसरी म्हणजे ती भागवण्यासाठी काही माणसे स्वतःचा वेळ विनामूल्य द्यायला तयार आहेत. सरकारी खात्याला इमारत बांधता येते आणि पुस्तके विकत घेता येतात. पण रोज संध्याकाळी कुलूप उघडून दिवा लावणारा माणूस नुसत्या पगारावर मिळत नाही. तो माणूस मित्रमंडळांनी निर्माण केला. सयाजीरावांनी या चळवळीला आपल्या योजनेत सामावून घेतले आणि मोतीभाई पुढे ग्रंथालय खात्यात येऊन ग्रामीण ग्रंथालयांचे काम पाहू लागले. लोकांनी सुरू केलेल्या कामाला मागे सारून सरकारी काम उभे करण्याचा मोह येथे टाळला गेला, हे विशेष होय.

४. अमेरिकेतील पाहणी आणि बोर्डन

सयाजीरावांचा परदेशप्रवास हा त्या काळी टीकेचा विषय होता. तथापि त्या प्रवासांचा राज्याला झालेला सर्वांत ठोस लाभ ग्रंथालयांच्या क्षेत्रात दिसतो. १९०६ आणि १९१० साली त्यांनी अमेरिकेला भेट दिली. तेथील नगरांतून सर्वांना खुली असलेली विनामूल्य ग्रंथालये त्यांनी पाहिली. त्या काळी अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणग्यांतून शेकडो ग्रंथालयांच्या इमारती उभ्या राहत होत्या. इमारतीला पैसा कार्नेगींचा. परंतु जागा नगराने द्यावयाची आणि इमारतीच्या खर्चाच्या एक-दशांशाइतकी रक्कम दरवर्षी ग्रंथालयासाठी खर्च करण्याची हमीही नगराने द्यावयाची, अशी त्यांची अट असे. अमेरिकेत ही रक्कम नगराच्या करातून येई. बडोद्याच्या खेड्यात तसा कर बसवण्याजोगी व्यवस्था नव्हती. तेथे कराची जागा वर्गणीने घेतली.

१९१० साली सयाजीरावांनी विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण केले. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील ग्रंथालयाचा त्याला दीर्घ अनुभव होता आणि वर्गीकरणकार चार्ल्स कटर याच्या हाताखाली त्याने काम केले होते. १९१३ पर्यंत तो बडोद्यात राहिला. या अल्प काळात त्याने राज्याच्या ग्रंथालय खात्याची रचना केली आणि बडोद्यासाठी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धती बसवली. १९११ साली त्याने ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. भारतातील अशा शिक्षणाचा आरंभ याच वर्गापासून मानला जातो. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ देऊन मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला. गावाकडून वर्गणीची अपेक्षा करणाऱ्या राजाने आपलीही वर्गणी दिली होती, असे या देणगीकडे पाहता येते.

बोर्डन परत गेल्यावर खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली आणि त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी ती वाहिली. कुडाळकरांनी १९१९ साली व दत्तांनी १९२८ साली बडोद्याच्या ग्रंथालयांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिले. ग्रंथालय खात्यातर्फे इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतील मजकुराचे एक नियतकालिकही काही वर्षे निघत होते. ग्रंथालयशास्त्रासंबंधी मराठीत लिहिण्याचा हा एक प्रारंभीचा प्रयत्न म्हणून वाङ्मयीन नियतकालिकांच्या अभ्यासकांनी त्याची नोंद घ्यावयास हवी.

५. तृतीयांशाचा नियम

योजनेचा कणा असलेला नियम सोपा होता. गावातील लोकांनी ग्रंथालयासाठी वर्षाकाठी जितकी रक्कम जमवावी, तितकीच प्रांत पंचायतीने वा नगरपालिकेने द्यावी आणि तितकीच राज्य सरकारने द्यावी. म्हणजे लोकांनी एक रुपया उभा केला की ग्रंथालयाच्या हाती तीन रुपये येत. या साहाय्याला वरची मर्यादा होती आणि ती प्रांताचे मुख्य ठिकाण, गाव व खेडे यांच्यासाठी उतरत्या क्रमाने ठरवलेली होती. इमारतीसाठीही हेच तृतीयांशाचे तत्त्व लागू करण्यात आले.

या नियमाचे परिणाम पैशापुरते मर्यादित नव्हते. वर्गणी जमवायची म्हणजे मंडळ हवे. मंडळ म्हटले की सभासद, चिटणीस, खजिनदार, सभा आणि हिशेब आलेच. सरकारी तृतीयांश मिळण्यासाठी हिशेब दाखवावा लागे, म्हणून वह्या ठेवाव्या लागत. ज्या खेड्यात सार्वजनिक पैशाचा लेखी हिशेब ठेवण्याची सवय नव्हती, तेथे ग्रंथालयाच्या निमित्ताने ती लागू लागली. संस्थानी प्रजेला स्वयंशासनाचा अनुभव मिळण्याच्या जागा थोड्या होत्या. गावचे ग्रंथालय ही त्यांपैकी एक ठरली.

मोतीभाई अमीन यांनी पुढे या स्वतंत्र मंडळांना जोडणारी संघटना उभी केली. प्रत्येक ग्रंथालयाने सुटी पुस्तके घेतल्यास ती महाग पडत. म्हणून पुस्तकालय सहायक सहकारी मंडळ या सहकारी संस्थेमार्फत पुस्तके, नियतकालिके व साहित्य एकत्रितपणे आणि स्वस्तात पुरवण्याची व्यवस्था झाली. वर्गणी, अनुदान आणि सहकार ही तीन अंगे अशा रीतीने एकत्र आली.

बडोदा राज्य सलग नव्हते. बडोदा, कडी, नवसारी व अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते आणि सुमारे तीन हजार गावे त्यांत विखुरलेली होती. जेथे वर्गणी जमण्याजोगी वस्ती नव्हती, तेथे फिरत्या ग्रंथालयांची योजना होती. लाकडी पेट्यांतून निवडक पुस्तके ठरावीक मुदतीसाठी गावात पाठवली जात आणि त्यांच्या ने-आणीचा खर्च सरकार सोसत असे. निरक्षरांसाठी चित्रे, जादूचा कंदील आणि चलच्चित्रे दाखवणारी दृश्य शिक्षणाची शाखा होती. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र सोय करण्यात आली.

६. योजनेची मर्यादा

या योजनेचे मूल्यमापन करताना तिच्यातील एक अंतर्विरोध दृष्टीआड करता येत नाही. जो आधी देऊ शकतो, त्यालाच अधिक मिळावे, असा तृतीयांशाच्या नियमाचा स्वाभाविक परिणाम होतो. सुपीक जमिनीच्या, व्यापारउदीम असलेल्या चरोतरातील गावाला वर्गणी जड नव्हती. डोंगराळ, आदिवासी वस्तीच्या भागातील गावाला पहिला रुपयाच उभा करता येत नसे आणि म्हणून पुढचे दोन रुपयेही येत नसत. ग्रंथालयाची सर्वाधिक गरज असलेले गाव अशा रीतीने मागे राहण्याचा संभव होता. फिरत्या पेट्या हा त्यावरील उपाय होता. पण पेटी काही काळाने परत जात असे आणि तिच्याभोवती मंडळ उभे राहत नसे.

दुसरी मर्यादा सामाजिक होती. वर्गणीदारांचे मंडळ म्हणजे गावातील ऐपतदारांचे मंडळ. ग्रंथालय शाळेच्या खोलीत, चावडीत वा धर्मशाळेत भरे. कागदावर ते सर्वांना खुले असले, तरी त्या जागेचा उंबरठा अस्पृश्याला ओलांडू देणे हे गावाच्या मनावर अवलंबून होते. सयाजीरावांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या आणि भीमराव आंबेडकर यांना १९१३ साली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्याकरिता शिष्यवृत्ती दिली. तेच आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राजधानीत राहायला जागा मिळू शकली नाही आणि त्यांना शहर सोडावे लागले. राजाची इच्छा आणि समाजाचे दार यांतील अंतर या घटनेत उघडे पडते. जी संस्था समाजाच्या स्वेच्छेवर उभी असते, तिच्यात त्या समाजाचे दोषही उतरतात. लोकाश्रयी ग्रंथालयाचे बळ आणि त्याची उणीव ही एकाच मुळातून आलेली आहेत.

७. मराठीशी नाते

बडोद्याची प्रजा मुख्यतः गुजराती भाषक, तर राजघराणे आणि सरदार-मानकऱ्यांचा वर्ग मराठी. सयाजीरावांनी ग्रंथालयांसाठी पुस्तके पुरवताना दोन्ही भाषांचा विचार केला. परंतु ग्रंथालये वाढवायची तर वाचण्याजोगी पुस्तके हवीत, हा प्रश्न लवकरच पुढे आला. १९१२ साली बडोद्यात गुजराती साहित्य परिषद भरली, त्या सुमारास त्यांनी देशी भाषांतील ग्रंथनिर्मितीसाठी दोन लक्ष रुपयांचा निधी वेगळा काढला. त्याच्या व्याजातून श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला यांतील गुजराती व मराठी पुस्तके प्रसिद्ध होत गेली. मूळ रक्कम अबाधित ठेवून व्याजावर काम चालवण्याची ही विश्वस्ताची रीत त्यांनी ग्रंथनिर्मितीलाही लावली.

१९०९ आणि १९२१ साली मराठी साहित्य संमेलने बडोद्यास भरली आणि १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः सयाजीरावांनी भूषवले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे स्थान ग्रंथकारांचे आश्रयदाते म्हणून सांगितले जाते. ते योग्यच आहे. पण अपुरे आहे. ग्रंथकाराला आश्रय देणारे राजे पूर्वीही होते. वाचकवर्गाची निर्मिती हे राज्याचे कर्तव्य मानणारा राजा मात्र विरळा.

८. वारसा

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. मोतीभाई अमीन यांचेही निधन त्याच सुमारास झाले. चौसष्ट वर्षांच्या राजवटीतील एक योजना आणि तिचा सर्वांत निष्ठावान कार्यकर्ता यांचा शेवट असा जवळजवळ एकाच वेळी झाला. १९४९ साली बडोदा राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० नंतर हा प्रदेश गुजरातमध्ये गेला.

योगायोग असा की, १९३९ सालीच मुंबई सरकारने आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. स्वातंत्र्यानंतर तिच्या शिफारशींच्या आधारे जिल्ह्याजिल्ह्यांतील आधीपासून चालत आलेल्या वाचनालयांना मान्यता व अनुदान देण्याचे धोरण मुंबई राज्याने स्वीकारले. दरम्यान कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालय कायदा केला होता. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून १९४८ साली मद्रासमध्ये झालेल्या कायद्याने ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राने १९६७ साली केलेल्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात असा कर नाही. राज्याच्या ग्रंथालय निधीतून मान्यताप्राप्त संस्थांना वर्गवारीनुसार परिरक्षण अनुदान द्यावे आणि संस्था मात्र स्थानिक मंडळाने चालवावी, ही त्याची रचना आहे. ती थेट बडोद्यावरून उचलली, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि तिच्या मुळाशी असलेला विचार तोच आहे.

म्हणूनच बडोद्याच्या अनुभवातील गुणांबरोबर त्याचा दोषही महाराष्ट्राच्या वाट्याला आला आहे. सोलापूर, पुणे वा ठाणे यांसारख्या शहरांत जुने दाते, विश्वस्त आणि कार्यकर्ते यांची परंपरा आहे. तेथे अनुदानाला टेकू मिळतो. ज्या तालुक्यात अशी परंपरा नाही, तेथे मंडळ अनुदानासाठीच जन्माला येते आणि अनुदान थांबले की दार बंद होते. सयाजीरावांच्या योजनेत वर्गणी हा नुसता आर्थिक भाग नव्हता; ग्रंथालय कोणाचे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. वर्गणी नाममात्र होऊन अनुदान हाच मुख्य आधार झाला, तर इमारत आणि पुस्तके राहतात, पण त्या प्रश्नाचे उत्तर हरवते.

सयाजीरावांच्या अनेक सुधारणा त्यांच्या अधिकाराच्या बळावर झाल्या. ग्रंथालयाच्या बाबतीत त्यांनी तो अधिकार स्वतःहून मर्यादित केला, लोकांना पहिले पाऊल टाकू दिले आणि उरलेले दोन तृतीयांश अंतर चालून जाण्याची जबाबदारी पंचायतीवर व राज्यावर टाकली. ज्यांना पहिले पाऊलच टाकता येत नाही, त्यांच्यासाठी काय करावे, हा प्रश्न त्यांनी फिरत्या पेटीपर्यंत नेऊन सोडला. मराठी मुलखातील ग्रंथालय चळवळीला तो अजून सोडवायचा आहे.